मशीनवरची कुस्ती

— न्हाई न्हाई, ती उजवीकडची न्हाई, डावी. डावी दांडी बघा. उजवीला काय झालेलं न्हाई, तिच्यावर अजिनाथ— म्हंजे तिच्यावर दुसरा गडी बसतो, ती चांगली हाय. डावी बुडातनं निखळली हाय, दिसली का? कुनी मोडली? आता कुनी म्हनावं... कॉलेजची पोरं येत्यात, आडदांड, हात आपटत्यात, मोडली कुनीतरी. तुमी जोडा. चारच्या आत जोडा म्हंजे झालं. भीमराजनं सांगितलं ना तुमाला फोनवर, चारच्या आत म्हनून? त्यो दुकान माझ्यावर टाकून जेवायला घरी गेलाय, मला म्हनला वस्ताद तुमी बसा, केडगावहून मिस्तरी निगालाय, टीव्ही-रेडिओ समदं करतो, ह्ये बी करंल. कराल ना? आता तीन वाजलेत. भितीवरचं घड्याळ पाच मिंटं पुडं हाय म्हनत्यात, पन मला न्हाई तसं वाटत.

बसतो की. बसलोच हुतो सकाळधरनं. न्हाई, उभाच बरा, हितनं रस्ता दिसतो. तुमाला उजेड आडत असंल तर सांगा— माझं आंग मोठं हाय, दारात उभं ऱ्हायलं की आत अंधार. भिमाजी वस्ताद म्हनत्यात मला. कान बघून वळखलं असंल तुमी, असले मोडलेले कान तालमीतच हुत्यात. सव्वीस वर्सं तालीम चालवतोय. नगरात कुनालाबी इचारा. आता म्हनाल, वस्तादाचं ह्या व्हिडिओ गेमच्या दुकानात काय काम? काय न्हाई. माझी पोरं तालीम बुडवून हितं येत्यात, त्यास्नी हाकलायला येतो. बस, तेवढंच. मी काय खेळतो बिळतो व्हय असलं? — ह्ये? हाताला? ह्ये इळीनं कापलं. कांदा चिरताना. फडकं बांधलंय तेवढंच. तुमी तिकडं बघा, त्या वायरीकडं.

...बरं, खेळतो. आता तुमी अंगठ्याचे घट्टेच बघितले तर काय लपवायचं. खेळतो. मारामारीचा ह्योच एक गेम खेळतो, बाकीचे न्हाई, त्या गाड्याबिड्या मला जमत न्हाईत. चार महिने झाले. रोज तीन ते पाच, तालीम संध्याकाळी असती माझी, तवर मोकळाच. हसा, हसा. माझी मालकीन बी हसती. विजयमाला म्हनती, सत्तेचाळीस वर्साचा बाप्या, नातू झाला आसता येळंवर लगीन केलं आसतंत तर, आन् टीव्हीतल्या भावल्या नाचवतोय. म्हनू दे.

कसं लागलं तर— पयल्या दिशी मी खरंच हाकलायलाच आल्तो. हातात छडी हुती. बघतो तर ह्या अंधाऱ्या खोलीत चार मशिनी, आन् ह्या मशीनपुडं पाठमोरा बसलेला अजिनाथ. पाठ बघूनच वळखली. का न्हाई वळखनार, अकरा वर्साचा हुता तवा पाथर्डीकडनं आला माझ्याकडं, दहा वर्सं त्या पाठीला माती लावली मी. त्याचे आईबाप दर साली ऊसतोडीला जायाचे, सा-सा महिने, पोरगं माझ्याच घरी जेवायचं. माझा सगळ्यात वरचा पट्ठा. तालीम सोडून त्याला तवा वरीस झालं हुतं— एमआयडीसीत कुठंतरी कामाला लागल्ता ठेक्यावर, आन् शिफ्ट सुटली की हितं. मी म्हनलं, व्वा रे पट्ठ्या, ह्याच्यासाठी मी तुला दूध पाजलं? त्यानं वळून बी बघितलं न्हाई. पुडं बघतच म्हनला, वस्ताद, मला हितं एकदा पाडा. मग तुमी म्हनाल तिथं येतो.

मी म्हनलं एवढंच ना? बाजूला सरक.

आवो, काय सांगू तुमाला. पयल्यांदा गडी निवडायचा असतो. मी आपला मिशावाला, थोराड, मांड्या बघून घेतला. अजिनाथनं एक काटकुळा घेतला, फुकलं तर उडंल असा. कुस्ती लागली— आन् मी दांडी सोडून हात पुडं केला, सलामीला. आमच्यात हात मिळवल्याबिगार कुस्ती लागत न्हाई. ह्याच्यात लागती! माझा हात हवेत आन् माझा गडी तिकडं मार खातोय, वर ती पिवळी पट्टी असती बघा, दमाची, ती भराभर खाली. मग मी दांडी धरली ती मनगट धरावं तशी धरली. भीमराज वरडला, वस्ताद, हळू, उपटंल! पोरं हसाया लागली. माझीच पोरं, माझ्या छडीला घाबरनारी, तोंडावर हात ठिवून हसाया लागली.

पन खरी फजिती त्याच्या पुडची. दुसऱ्या का तिसऱ्या दिशी— पाऊस न्हवता, जुलै हुता तरी, एवढं ध्यानात हाय— माझा एक डाव लागला. कसा लागला देवाला ठावं, बटनं बडवत हुतो मी तबल्यावानी, त्यातलं एक लागलं, आन् अजिनाथचा काटकुळा गडी सपशेल आडवा. पाठीवर! दोनी खांदे जमिनीला! आता तुमीच सांगा, आमच्यात ह्याच्यापुडं काय असतं? काय नसतं. चीत झाला, संपलं. मी दांडी सोडली, मांडीवर थाप मारली, मिशीवरनं हात फिरवला, पोरांकडं बघितलं— आन् तेवढ्यात त्यो मेला उठला. चीत झालेला गडी उठला आन् माझ्या मिशावाल्याला हानून हानून खलास केला. मी भांडलो. लबाडी हाय म्हनलं, पाठ टेकली हुती त्याची, समद्यांनी बघितलंय. भीमराज म्हनला, वस्ताद, हितं पाठ टेकली तरी चालू असतं. मला रागच आला. दोन दिस आलोच न्हाई.

तिसऱ्या दिशी आलो. का आलो म्हाईत न्हाई. झोप लागंना म्हना. चूक काय हुती ते कळंना, आन् चूक कळल्याबिगार मला जेवान जात न्हाई.

किती वाजले? सव्वातीन? ते वायरीला डाग द्यायचं झारन तापाया किती येळ लागतो तुमचं? — न्हाई, घाई न्हाई करत, बरोबर करा. फकस्त चार.

मग शिकलो. अजिनाथनंच शिकवलं, खोटं कशाला बोलू. पयलं म्हनला, वस्ताद, उड्या मारू नका. मला लई आवडायचं उडी मारायला, गडी कसा टांग वर करून जायाचा. त्यो म्हनला, उडालात की खाली येईस्तवर तुमाला काईच करता येत न्हाई, आन् समोरच्याला म्हाईत असतं तुमी कुठं पडनार. आता बघा, ह्ये मी त्याला शिकवायला पायजे हुतं. पाय जमिनीवर ठिव, ह्ये माझं तालमीतलं पयलं वाक्य हाय. मग म्हनला, पंदरा दिस मारूच नका. नुसतं अडवा. दांडी मागं धरली की गडी हात आडवे घेतो, मार लागत न्हाई, लागला तरी कमी. पंदरा दिस मी नुसता मार अडवत बसलो. पोरं म्हनायची वस्ताद झोपला. पन मला दिसाया लागलं हो! मार कुठनं येतो, कवा येतो, समोरचा मारायच्या आधी अर्धं पाऊल मागं घेतो, समदं दिसाया लागलं. बटनं बडवत हुतो तवा काय बी दिसत नव्हतं. मग एकच डाव घेतला, खालनं लाथ. एकच. रोज शंभर येळा. डाव्या बाजूनं शंभर, उजव्या बाजूनं शंभर. कॉलेजच्या पोरांस्नी मी दुसऱ्या महिन्यात पाडाया लागलो, तिसऱ्या महिन्यात ती माझ्यासंगं बसंनात. अजिनाथ मातुर पडत न्हवता. एक दिस न्हाई पडला.

आन् दर येळी हरलो की त्यो इचारायचा— वस्ताद, का पडलात, सांगा. मी म्हनायचो तू लबाडी केली. न्हाई, का पडलात ते सांगा. मी इचार करायचो, म्हनायचो मी पुडं आलो, तुला जवळ यायचं हुतं तवाच मी पुडं आलो. त्यो म्हनायचा, व्हय. बस, एवढंच. ना छडी, ना शिवी. सव्वीस वर्सात मी कुन्या पट्ठ्याला असं इचारलं न्हाई हो. पडला की छडी. का पडलास ह्ये त्याला कधी सांगू दिलं न्हाई. आन् त्या पट्ठ्यानं मला ह्या बाकड्यावर बसवून दर टायमाला सांगू दिलं.

बाकडं बघा केवढंय. दोन बारकी मान्सं बसत्यात. आमी दोघं बसलो की कोपराला कोपर लागतं. तालीम सोडल्यापासनं त्यो माझ्यासंगं एक अक्षर बोलला नव्हता, वाटंत दिसला तर दुसऱ्या बाजूनं जायाचा, आन् हितं कोपराला कोपर लावून बसायचा, बोलायचा, एकदा तर हसला बी. मी लिमलेटच्या गोळ्या आनायचो खिशात. मी म्हनलं, बास, आपल्याला जिंकायचंच न्हाई, असंच चालू दे. पन जिंकायचं बी हुतं. जिंकलो तर तालमीत येनार हुता ना त्यो.

तालीम का सोडली त्यानं?

ते आपलं— पोरं सोडत्यातच. नोकरी लागती, लगीन हुतं. तसंच. तुमी ती बटनं बी बघून घ्या की, ते खालचं एक अडकतं.

...दीड वर्स झालं. चैत्रातली जत्रा. आबासाहेब म्हनून एक हायेत, बागायतदार, त्यांच्या गावची. शेवटची मोठी कुस्ती माझ्या अजिनाथची आन् आबासाहेबांच्या पुतन्याची. आता तुमाला कुस्तीतलं कळत नसंल तरी सांगतो, पुतन्या अजिनाथपुडं तीन मिंटं टिकनारा नव्हता. कसा टिकंल? हौस म्हनून लंगोट बांधलेला गडी. आन् आबासाहेब मला आदल्या दिशी बाजूला घेऊन म्हनले, वस्ताद, पोराला बघायला पाव्हनं येनार हायेत उद्या. चार मान्सांसमोर पडू नये त्यो. तुमच्या तालमीवर पत्रे न्हाईत म्हनं? घालू आपन.

नव्हते पत्रे. खरंच नव्हते. चार पावसाळे आमची माती चिखल हुत हुती. ती माती साधी नसती हो, ताक, हळद, तेल, लिंबू घालून वर्सानुवर्सं केलेली असती, आन् डोळ्यादेखत वाहून जायाची. तीस पोरं हुती माझ्याकडं. मी तीस पोरांचा इचार केला. असं मी मला सांगतो.

कुस्तीच्या फडात अजिनाथच्या पाठीला माती लावता लावता मी त्याच्या कानात म्हनलो, आज पाठ टेक. एवढंच. त्यानं एकदा मान वळवून बघितलं माझ्याकडं. इचारलं न्हाई का म्हनून. मी इचारू दिलंच नव्हतं ना कधी, दहा वर्सं. सा मिंटं खेळवलं पुतन्याला आन् मग टेकली पाठ. शिट्ट्या, फेटे उडाले, गुलाल, आबासाहेबांनी मला नारळ दिला. आन् कडंला त्याची आई. झुंबरबाई. पाथर्डीकडनं दोन गाड्या बदलून आल्ती लेकाची कुस्ती बघायला, पयल्यांदाच, जलमात पयल्यांदा. पदरानं त्याच्या पाठीची माती पुसत हुती. पुसली, परत पुसली, निगंना ती माती. मी बघत हुतो नारळ धरून.

तालमीवर पत्रे पडले. निळे, चांगले जाड पत्रे. आठ पोरं ऱ्हायलीत त्याच्याखाली. असल्या गोष्टी बोलत न्हाईत पन कळत्यात समद्यास्नी.

ह्ये कुनाला बोलू नका हां. मी कुनाला बोललो न्हाई, विजयमालाला बी न्हाई. तुमाला का सांगितलं काय म्हाईत. तुमी खाली मान घालून काम करताय म्हनून आसंल.

आता काय झालंय, झुंबरबाईचा उजवा हात ह्या साली चालंना. ऊसतोडीत जोडी लागती, एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधायच्या. बाप थकलाय, त्याच्यानं कोयता चालत न्हाई; ती बांधंल, तोडायला दुसरा पायजे. तर अजिनाथ चाललाय. कोपरगावकडं, सा महिने. एमआयडीसीतलं काम सुटलंच हुतं. मुकादमाचा ट्रक पाथर्डीहून निगून आज साडेचारला मनमाड रोडला, नागापूरच्या पुलाजवळ थांबनार, तिथं त्यो चढनार. काल हितं आल्ता. म्हनला, वस्ताद, उद्या ट्रक हाय, आज शेवटची खेळू.

काल जिंकलो मी.

व्हय. जिंकलो. चार महिन्यात पयल्यांदा. पयली एक त्यानं घेतली, दुसरी मी घेतली, कशी घेतली म्हंता, खालनं लाथ, खालनं लाथ, मग अडवलं, परत लाथ, पोरं उभी ऱ्हायली मागं, भीमराज गल्ला सोडून आला. तिसरी निकालाची. त्याचा गडी पुडं आला, मी अडवलं, मारलं, परत मारलं, आन् त्यो पडला, उठला, पडला, आन् मग उठलाच न्हाई. समद्यांनी वरडा केला. मी उभा ऱ्हायलो, बाकडं पालथं झालं माझ्या धक्क्यानं. मला वाटलं, झालं, आला आपला पट्ठा घरी, कसला ट्रक आन् कसलं काय, झुंबरबाईसाठी दुसरा गडी बघून देऊ— आन् मी त्याच्याकडं बघितलं.

त्याचे हात मांडीवर हुते.

दोनी हात. दांडीवर न्हाई, बटनावर न्हाई. मांडीवर, शाळंत बसावं तसे. कवापासनं हुते कुनाला ठावं. त्याचा गडी नुसता उभा हुता आन् मी हानत हुतो. मी म्हनलं, अजिनाथ, ह्ये काय? त्यो म्हनला, तुमाला बरं वाटंल म्हनून. रागानं न्हाई हो. रागानं म्हनला आसता तर चाललं आसतं. मायेनं म्हनला. जाता जाता मला सुख देऊन चाल्ला हुता, पुन्यांदा. आन् ह्या टायमाला तर मी सांगितलं बी नव्हतं.

मग मी दांडी पिळली. व्हय, मीच. इळीबिळी काय न्हाई. मनगट पिळावं तशी पिळली, आन् ती आली हातात, आन् तिचा पत्रा लागला तळहाताला. मी म्हनलं, उद्या ये. ट्रकच्या आधी ये, खरी खेळू. मला पाड. पार झोपव, पन खरं खेळ. त्यो म्हनला, बघतो. माझ्या हाताला रुमाल त्यानंच गुंडाळला. ह्यो त्याचाच हाय.

म्हनून चार म्हनतोय तुमाला. खेळून पुलापाशी जायाला अर्धा तास तरी नको?

काय म्हनलात?

...न्हाई. ते न्हाई म्हनलो मी त्याला. कसं म्हननार? चुकलं माझं असं वस्तादानं पट्ठ्याला म्हनायचं आसतं व्हय? कुनी ऐकलंय? माझ्या वस्तादानं मला मारून मारून हाड मोडलं हुतं, त्यो मरस्तवर म्हनला न्हाई. मी बी— उड्या मारू का नको, इचारलं. बटन कोनचं, इचारलं. का पडलो ते रोज सांगितलं, चार महिने सांगितलं, ह्या मशीनवर मी का पडलो. त्या फडात त्यो का पडला, ते न्हाई काढलं. त्यानं बी न्हाई काढलं. वाट बघत असंल का हो त्यो? रोज तेच इचारत हुता का, का पडलात सांगा म्हनून...

माझ्याकडं काय बघताय, त्या दांडीकडं बघा.

किती ऱ्हायलं तुमचं? अर्धा तास? आन् आता साडेतीन होऊन गेलेत. त्यो येनार न्हाई, मिस्तरी. सकाळधरनं म्हाईत हाय मला. बघतो म्हनला की त्यो येत नसतो, दहा वर्सं वळखतो मी त्याला. पुलापाशी बसला असंल वळकटी घेऊन.

भायेर ती लुना तुमचीच ना? द्या किल्ली. आवो द्या, पेलंल माझं वजन, न्हाई पेललं तर पायडल मारीन, नागापूर काय लांब न्हाई. काय म्हननार म्हंजे? ठरलं न्हाई अजून. वाटंत ठरवतो. झुंबरबाई असंल ट्रकात, मुकादम असंल, पाथर्डीकडची समदी मान्सं असतील. असू द्या. त्या फडात बी समदी हुती, तवा ह्ये बी समद्यांसमोरच म्हनावं लागंल.

जोडायची घाई न्हाई आता. जोडा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या तशीच. तो पेचकस घ्या वाटंतनं. सरका.